लाकडाचा परवाना आणि लाकडातली अळी

क्रिकेटच्या यष्ट्या ज्या लाकडापासून घडवतात, तो अ‍ॅश वृक्ष उत्तर अमेरिकेत झपाट्याने नाहीसा होत आहे. कारण आहे सेंटीमीटरभर लांबीचा, पाचूसारखा झळाळणारा एक भुंगेरा. त्याच्या अळ्या सालीखालचा अन्नवाहक थर खातात आणि झाड काही वर्षांत उपासमारीने मरते. मूळच्या पूर्व आशियातील या किडीची ओळख अमेरिकेत 2002 साली डेट्रॉइटजवळ पटली. ती नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातच तेथे स्थिरावली होती, हे पुढे वृक्षवलयांनी दाखवले. जानेवारी 2021 मध्ये अमेरिकेने लाकूड वाहतुकीवरील संघीय निर्बंध मागे घेतले आणि भिस्त परजीवी गांधीलमाश्यांवर ठेवली.

भारतात हा भुंगेरा अद्याप आढळलेला नाही. मात्र पश्चिम हिमालयात अ‍ॅशच्या जाती नैसर्गिकरीत्या वाढतात, म्हणून प्रश्न आपलाही आहे.

बंदरावर आपला भरवसा आंतरराष्ट्रीय नियमावर असतो: वेष्टनाच्या लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सियसवर सलग 30 मिनिटे राहिला पाहिजे. येथे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी थबकावे. उष्णता लाकडात विसरणाने शिरते. जाडी दुप्पट झाली, की गाभा तापायला सुमारे चौपट वेळ लागतो. दहा सेंटीमीटर जाडीच्या तुळईला काही तास हवेत, आणि ती 30 मिनिटे त्यानंतर मोजायची. भट्टीतील हवेचे तापमान पाहून शिक्का मारणाऱ्याने अळीला फक्त ऊब दिलेली असते! मिथिल ब्रोमाइडची धुरी हा दुसरा मार्ग. पण तो वायू ओझोनच्या मुळावर उठतो.

बंदरापलीकडे तर पहाराच विरळ. आमच्या मुनिरक्यात हिवाळ्याच्या रात्री पहारेकरी मोडक्या खोक्यांच्या फळ्या पेटवून शेकत बसतात. काही फळ्यांवर त्या नियमाचा गव्हाच्या लोंबीचा शिक्का दिसतो. जळालेली फळी निरुपद्रवी, न जळता पुढे गेलेली नव्हे. 2023 च्या अखेरीस लाकूड वाहतुकीसाठी देशभर एकच ऑनलाइन पास आला, ही सोय स्वागतार्ह आहे. परंतु या परवान्यांची परंपरा 1927 च्या वन अधिनियमातून आलेली. लाकूड कुणाचे, कुठून तोडले, हा तिचा प्रश्न. सालीखाली काय आहे, हा नव्हे.

अधिकार नाहीत, असेही नाही. 1914 च्या कीड कायद्याखाली केंद्र राज्याराज्यांतील वाहतूक रोखू शकते. सॅन होजे खवलेकिडीसाठी ते वापरलेही गेले. पासच्या अर्जात साल काढली का, उष्णता दिली का, एवढे दोन रकाने वाढवायला नवा कायदा कशाला हवा?