मॉनिटर घेताना आकड्याला भुलू नका

मुलाने खेळासाठी मॉनिटर मागितला की लोणावळा, कामशेत, वडगावचे आपले बंधू लोकल धरून पुण्याची तपकीर गल्ली गाठतात. दुकानदार 240 हर्ट्झ सांगतो आणि बाप पाकीट काढतो. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो तो आकडा. पण चित्रे तयार करते संगणकातले ग्राफिक्स कार्ड. ते 60च करत असेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मध्यम कार्डाला 24 इंची, 144 हर्ट्झचा पडदा पुरे. विंडोजच्या सेटिंगमध्ये मात्र आकडा बदलून घ्या, नाहीतर तो बऱ्याचदा 60वरच चालत राहतो.

माझ्या मते आधी पॅनेल पाहावे. टीएन स्वस्त, पण बाजूने पाहिले की रंग बदलतो. हाच पडदा दिवसा गल्ल्यावर ठेवणार असाल तर आपण समोरून पाहतो, गिऱ्हाईक बाजूने. एकाच साडीचा रंग दोघांना वेगळा दिसला की सौदा मोडलाच! आयपीएस घ्या.

आणि थान उलगडून पाहतो तसा पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा पडदा दुकानातच लावून पाहा. एखाददुसऱ्या मेलेल्या ठिपक्यासाठी कंपन्या वॉरंटीत सहसा माल बदलत नाहीत, आणि पुण्याची दुसरी फेरी म्हणजे एका दिवसाचा धंदा बुडाला.