परलोकाआधी पुंडलिक

आषाढी एकादशीचे कीर्तन आटोपले की श्रोते हटकून विचारतात, ‘बुवा, मेल्यावर जीव कोठे जातो?’ कठोपनिषदात नचिकेत्याने तिसरा वर म्हणून यमापाशी हेच मागितले. यमाने देऊ केलेली संपत्ती व दीर्घायुष्य त्याने नाकारले, तेव्हा कोठे त्याला श्रेय आणि प्रेय यांतील भेद कळला.

दर्शनांची उत्तरे भिन्न आहेत. अद्वैतमते जीव ब्रह्मच. जैनमते मुक्त जीवही लोकाग्री स्वतंत्रच राहतो. बुद्धांनी नित्य आत्मा नाकारला, तरी कर्मफल मानले. ख्रिस्ती व इस्लाम धर्मांत जन्म एकच, पुढे ईश्वरी न्याय. हे सारे एकच सांगतात, असे म्हणणे सोयीचे, पण शास्त्राला धरून नव्हे. आजच्या आचरणाला मात्र यांपैकी कोणीही गौण लेखलेले नाही.

तुकोबांनी तर संतसंगासाठी मुक्ती सोडून पुनश्च गर्भवास पत्करला. आमच्या मते, जित्या आईबापांची विचारपूस न करणाऱ्याने त्यांच्या परलोकाची चिंता वाहणे व्यर्थ होय. पुंडलिकाने प्रत्यक्ष देवाला विटेवर तिष्ठत ठेवले, ते मातापित्यांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून. भाविकांनी दर्शनाच्या रांगेत उभे राहताना एवढे स्मरावे.