पाण्याची पट्टी काय सांगते?

उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. ते पाहायला माणसे गर्दी करतात. पण पाणी उतरल्यावर कधी कधी माणसाची हाडेही वर येतात. मग कुजबूज सुरू होते. कोणी म्हणते, पाय घसरला असेल. कोणी म्हणते, जीव दिला असेल. कोणी हळूच म्हणते, मारून टाकला असेल. वाचकहो, अशा वेळी धरणावरची नोंदवही आधी पाहावी, असे आम्हाला वाटते. का, ते एका घडलेल्या प्रकरणावरून सांगतो.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर हूवर धरण आहे. ते १९३५ साली उभे राहिले. त्याच्या जलाशयाला लेक मीड म्हणतात. तिथल्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून फुटांत मोजतात आणि तिची नोंद पहिल्यापासून जपलेली आहे. १९८३ च्या उन्हाळ्यात ही पातळी १,२२५ फुटांवर होती. २००० सालानंतर दुष्काळ पडत गेला, पाणी उतरत गेले. जुलै २०२२ मध्ये पातळी सुमारे १,०४० फुटांवर आली. १९३७ नंतर पाणी इतके खाली कधी गेले नव्हते.

त्याच वर्षी १ मे रोजी होडीतून फिरणाऱ्या लोकांना चिखलात रुतलेले, गंजलेले पिंप दिसले. पिंपात माणसाचा सांगाडा होता. डोक्यात गोळी घातल्याचे तपासात निघाले. खून झाला हे ठरले. पण केव्हा आणि कसा?

मेलेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे आणि पायातले बूट पोलिसांनी पाहिले. ते १९७० च्या दशकाच्या मध्यापासून केमार्ट नावाच्या स्वस्त दुकानांत विकले जात. त्यावरून १९७५ ते १९८० च्या आसपासचा काळ धरला गेला. आता पाण्याची नोंद त्याशेजारी ठेवून पाहा. पिंप सापडले तेव्हा पातळी सुमारे १,०५५ फूट होती. बूट विकले जात त्या वर्षांत ती १,१५० फुटांच्या बरीच वर होती. म्हणजे ती जागा तेव्हा शंभर फुटांच्या आसपास पाण्याखाली होती. काठावरून कोणी जड पिंप ढकलले म्हणून ते तिथे पोहोचले नसते. ते होडीतूनच नेले असावे. एकट्यादुकट्याला सहज जमणारे हे काम नव्हे.

पाण्याची नोंद सगळेच सांगत नाही, हेही लक्षात घ्या. ती जागा १९३७ नंतर २०२२ पर्यंत सतत पाण्याखालीच होती. त्यामुळे खुनाचे वर्ष नुसत्या पातळीवरून निघाले नसते. ते त्या स्वस्त बुटांनी सांगितले. एक पुरावा दुसऱ्याला आधार देतो, तेव्हा खरे काय ते कळते.

आणखी एक गोष्ट. पिंप सापडल्यावर आठवड्याभरातच त्याच जलाशयात दुसरीकडे हाडे मिळाली. लगेच लोक दुसऱ्या खुनाची चर्चा करू लागले. पण डीएनए तपासणीत निघाले की ही हाडे २००२ साली बुडालेल्या ४२ वर्षांच्या माणसाची आहेत. वीस वर्षांनी त्याच्या घरच्यांना त्याचा ठावठिकाणा कळला. संशय घेणे गैर नाही. पण संशयालाच पुरावा मानू नये.

आपल्याकडच्या मोठ्या धरणांवरही पाण्याची पट्टी असते, पातळीची रोजची नोंद होते. जायकवाडी भरले की १,५२२ फूट हा आकडा वर्तमानपत्रात येतोच. समजा, एखाद्याचे प्रेत काठाच्या कोरड्या खडकावर सापडले. दहा दिवसांपूर्वी तो खडक पाण्याखाली होता, असे नोंद सांगत असेल, तर दोन प्रश्न उभे राहतात. प्रेत पाण्याबरोबर येऊन तिथे टेकले, की खडक उघडा पडल्यावर कोणी आणून ठेवले? कोणत्या दिवशी पाणी कुठवर होते हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे. घरच्या माणसावर असा प्रसंग आला तर रडू आवरून तीन गोष्टी पाहा. पंचनाम्यात प्रेताची नेमकी जागा आणि पाण्यापासूनचे अंतर लिहिले आहे का? त्या दिवसाची आणि मागच्या काही दिवसांची पातळी तपासात घेतली आहे का? कपडे, चप्पल, खिशातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत का? संशयास्पद मृत्यूची चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पातळीची नोंद कोणी दाखवीत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. अर्ज साध्या मराठीत, साध्या कागदावर चालतो. घरात शिकलेली मुलगी किंवा मुलगा असेल तर त्यांच्याकडून लिहून घ्या. अर्जात धरणाचे नाव आणि तारखा स्पष्ट घाला.

घरचा माणूस त्याने परत येणार नाही. पण तो कसा गेला, हे त्याच्या आईला कळले पाहिजे.