चिंध्यांचा हिशेब

आश्विनातले ऊन पडू लागले की गोमंतकातील अंगणे, कुंपणे आणि गच्च्या पांघरुणांनी भरून जातात. चार महिन्यांचा दमटपणा, कुबट वास आणि कोपऱ्यांत धरलेली बुरशी उन्हाला दाखवल्यावाचून गृहिणीला सणाची तयारी झाली असे वाटत नाही. हे दृश्य आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. परंतु अलीकडे त्यात एक फरक पडला आहे. वाळत घातलेल्या पांघरुणांत हाताने शिवलेली गोधडी शोधावी लागते. तिच्या जागी कारखान्यात तयार झालेली, कृत्रिम धाग्यांची, हलकी आणि गुळगुळीत पांघरुणे आली आहेत, आणि गंमत अशी की त्यांतील कित्येकांवर ठिगळांची नक्षी छापलेली असते. ठिगळ लावण्याची लाज वाटू लागली तेव्हा ठिगळाचे चित्र लोकांना आवडू लागले!

याच सुमारास एक मध्यमवयीन बाई आमच्या कार्यालयात काही वस्तू विकावयास आल्या. चिंध्या जोडून, आत जुन्या सुती लुगड्याचा थर देऊन, बारीक धावदोऱ्याने शिवलेले बटवे, चष्म्याची घरे, देवघरातली आसने आणि एक तान्ह्या बाळाचे दुपटे एवढा त्यांचा माल होता. बटव्याची किंमत त्यांनी दीडशे रुपये सांगितली. एक शिवावयास किती वेळ लागतो, असे आम्ही विचारले. "दोन दुपारी जातात," त्या म्हणाल्या. तेवढ्यात आमच्यापैकीच एकजण सहज बोलून गेला, "पण कापड तर फुकटचेच ना?" बाई काहीच बोलल्या नाहीत. बटवा घडी करून त्यांनी पिशवीत ठेवला. आम्ही मागाहून दोन बटवे घेतले, पण ती काही भूषणाने सांगावयाची गोष्ट नव्हे. तो प्रश्न आमच्याच मेजापाशी विचारला गेला, ही टोचणी राहिलीच.

कारण तो प्रश्न एकट्या आमच्या सहकाऱ्याचा नाही. माल टाकाऊ म्हणून त्यावरची मेहनतही टाकाऊ, हा हिशेब आपण सर्वच करीत आलो आहोत. आपल्या भाषेतच तो मुरलेला आहे. 'चिंधी' हा शब्द क्षुद्रतेचा वाचक झाला, आणि नकोशा मुलीचे नावही तोच झाला. अनाथांची माय म्हणून पुढे मान्यता पावलेल्या सिंधुताई सपकाळ यांना लहानपणी घरचे लोक 'चिंधी'च म्हणत. याच भाषेने दुसरीकडे चिंधीला मानही दिला आहे, हे मात्र आपण सोयीने विसरतो. अंगावर ठिगळांचे वस्त्र वागवणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते आदरानेच. त्याहून मागे जावयाचे तर बुद्धाचे भिक्षू उकिरड्यावरच्या चिंध्या वेचून, धुऊन, रंगवून त्यांची चीवरे करीत. मगध देशातील बांध घातलेल्या भातशेतांकडे बोट दाखवून तथागतांनी आनंदाला तशा आखणीचे चीवर करता येईल का असे विचारले, आणि आनंदाने ते बेतले, अशी विनयपिटकातील हकीकत आहे. ठिगळांच्या कामात आखणीची बुद्धी लागते, हे इतक्या पूर्वी ज्यांना कळले होते त्यांचे आपण वारस म्हणवतो.

बाईंच्या 'दोन दुपारी' या उत्तराचा आम्ही नंतर कागदावर हिशेब मांडून पाहिला. आधी मोठ्या गोधडीचा घेऊ. चार फूट रुंद आणि पाच फूट लांब अशी मध्यम गोधडी. धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या इंचाच्या अंतराने घातल्या तर त्या ९६ होतात, आणि प्रत्येक ओळ पाच फुटांची धरता एकंदर ४८० फूट शिवण होते. इंचाला पाच टाके म्हणजे २८,८०० टाके. सरावाच्या हाताने मिनिटाला पंधरा टाके पडतात असे धरले तरी नुसत्या धावदोऱ्याला ३२ तास हवेत. घरकाम आटोपून दुपारचे दोन तास मिळणाऱ्या स्त्रीला हे सोळा दिवसांचे काम. कापड निवडणे, धुणे, कापणे, ठिगळे मांडणे आणि जोडणे यांचा वेळ यात धरलेलाच नाही.

आता लहान वस्तूचा. वस्तू लहान म्हणून काम लहान, अशी जी समजूत आहे ती सर्वस्वी चुकीची आहे. आठ इंच लांब व सहा इंच रुंद अशा बटव्याच्या दोन्ही बाजू दोन-दोन इंचांच्या चौकोनांनी भरावयाच्या तर २४ चौकोन लागतात. प्रत्येक चौकोनाला चारी बाजूंनी पाव इंच शिवणीसाठी सोडावा लागतो, म्हणजे तो अडीच इंचांचा कापावा लागतो. कापडाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग असा आत दडून जातो. त्यात कापड उभ्या-आडव्या धाग्यात नीट कापलेले नसेल तर चौकोन ताणतो आणि शेजारच्याशी कोपरा जुळत नाही. जोडलेली प्रत्येक शिवण इस्त्रीने एका अंगाला बसवावी लागते. मग मधला थर, मग अस्तर, मग धावदोरा, मग कडेची पट्टी, मग नाडी ओवण्याची जागा. वस्तू जितकी लहान तितके तिचे कडे-कोपरे मानाने अधिक, आणि हातशिवणीचा खरा वेळ कडे-कोपऱ्यांतच जातो. बाईंनी दोन दुपारी सांगितल्या त्या कमीच सांगितल्या असाव्यात.

या कामात अनुभवाचा वाटा किती असतो याचा धडा आम्हांस पूर्वी एकदा पैसे मोजून मिळाला आहे. एका प्रदर्शनात घेतलेला 'ठिगळकामाचा' उशीचा अभ्रा पहिल्याच धुण्यात बिघडला. त्यातील तांबड्या तुकड्याचा रंग पांढऱ्यावर उतरला आणि दोन तुकडे आक्रसून बाकीच्यांना ओढू लागले. चौकशी करता उलगडा झाला तो असा की त्यात जुने कापड मुळी नव्हतेच. नवे, न धुतलेले कापड मुद्दाम फाडून त्याच्या चिंध्या केलेल्या होत्या, आणि त्यांत सुताबरोबर टेरिकॉटही होते. घरची म्हातारी असे कधी करती ना. तिने वापरून, धुऊन, मऊ झालेले कापड घेतले असते. त्याचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो आणि ते आक्रसायचे तेवढे आक्रसलेले असते. बाळाचे दुपटे आजीच्या लुगड्याचे का करीत, यामागे मायेइतकेच हे शहाणपणही होते. आमच्या पावसाळी हवेत कापूस भरलेली रजई एकदा ओलावली की वाळता वाळत नाही, तर जुन्या लुगड्यांच्या थरांची गोधडी दोन उन्हांत कोरडी होते, हेही त्याच शहाणपणात येते.

ही विद्या आजही जिवंत ठेवणाऱ्यांत ज्यांचा उल्लेख आम्ही गोमंतकीयांनी सर्वांत आधी करावयास हवा ते आमच्या घाटापलीकडचे शेजारी आहेत. अनमोडचा घाट चढून हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांच्या रानांत गेले की सिद्दी लोकांच्या वस्त्या लागतात. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातही त्या आहेत. पोर्तुगीज अमदानीत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून ज्यांना दास म्हणून गोव्यात आणले गेले, त्यांच्यापैकी पळून गेलेल्यांनी व सुटलेल्यांनी या रानांचा आसरा घेतला, असे अभ्यासक मानतात. दासांच्या व्यापाराला बंदी करणारे फर्मान पोर्तुगालने १८३६ साली काढले. परंतु तोवर कित्येक पिढ्यांचे आयुष्य जुन्या गोव्याच्या हवेल्यांत राबण्यात गेले होते. सिद्दींच्या तोंडी आजही कोकणी आहे, तीत मराठी व कन्नड मिसळलेली आहे. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावयास २००३ साल उजाडावे लागले.

या सिद्दी स्त्रियांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. तिची रीत आपल्या ठिगळकामाहून निराळी आहे. आपल्याकडे पुष्कळदा ठिगळे आधी जोडून घेतात आणि मग थरांवर घालून धावदोरा मारतात. सिद्दी बाई जुनी साडी जमिनीवर पसरते, तिच्या एका कोपऱ्याशी पहिले ठिगळ ठेवते, त्याची कड आत मुडपून टाके घालीत पुढे जाते, आणि कडेकडेने फिरत फिरत मध्यावर येऊन संपवते. जोडणे आणि शिवणे एकदमच होते. पुढचे ठिगळ कोणते, हे मागचे संपत आल्यावर ठरते. कागदावर आखणी नसते. ख्रिस्ती घरच्या कवंदीत कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरच्या कवंदीत चंद्रकोर. चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या लहान तुकड्यांची 'फुले' शिवतात. ती नसतील तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कलेतिहासाचे प्राध्यापक हेन्री ड्रूअल यांनी या कामाचा अभ्यास केला, २००४ साली सिद्दी स्त्रियांची गोधडी सहकारी संस्था उभी राहण्यास साह्य केले आणि या गोधड्या परदेशी प्रदर्शनांत नेल्या. हे सर्व स्पृहणीयच आहे. परंतु आमच्या सीमेपासून काही तासांच्या अंतरावरची, आमच्याच इतिहासातून निपजलेली ही कला आम्हांस अमेरिकेमार्गे कळावी, याचा थोडा संकोच वाटावयास हवा.

कलेचे कौतुक हल्ली वाढले आहे, हे खरे. जुन्यातून नवे करण्याची आवड शहरांत पसरली आहे, आणि किनाऱ्यावरच्या दुकानांत ठिगळांच्या पिशव्या परदेशी पाहुण्यांना चढ्या भावाने विकल्या जातात. मागणी लहान वस्तूंना आहे, कारण सोळा दिवसांच्या गोधडीचे न्याय्य मोल देण्याची फारच थोड्यांची तयारी असते. त्यात करांच्या रचनेनेही हातभार लावला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांत नगामागे अडीच हजार रुपयांपर्यंतच्या सुती गोधडीवर ५ टक्के आणि त्यावरील किमतीच्या गोधडीवर १८ टक्के कर आहे. घरी शिवणारी बाई स्वतः करदाती नसेल. पण तिची गोधडी दुकानातून विकली गेली की करासह होणारी किंमत गिऱ्हाईकाला द्यावी लागते. वरच्या हिशेबातील ३२ तासांना आणि जोडकामाला साधी रोजंदारी लावली, त्यावर दुकानाचा खर्च व नफा चढवला, तर ही मर्यादा ओलांडावयास वेळ लागणार नाही. श्रीमंती चैनीच्या पंक्तीला गोधडी बसावी, याहून मोठा विनोद कोणता! हाताने शिवलेल्या गोधडीला या मर्यादेतून वगळावे, ही मागणी राज्य सरकारने परिषदेपुढे ठेवावयास हरकत नाही.

लहान वस्तूंबद्दल आमची तक्रार नाही. बटवे शिवता शिवता मुलींचा हात धावदोऱ्याला वळेल, आणि वळलेला हात उद्या गोधडीही शिवेल. तक्रार आहे ती मोलाबद्दल. महिला मंडळे आणि स्वयंसाहाय्य गट यांची प्रदर्शने हिवाळ्यात ठिकठिकाणी भरतात. तेथे वस्तूंवर किमतीची चिठ्ठी असते. तिच्यावरच 'शिवण्यास लागलेले तास' हाही आकडा लिहिण्याचा प्रघात का पाडू नये? बटव्यावर 'पाच तास' असे वाचल्यावर दीडशेचे शंभर करा म्हणताना गिऱ्हाईकाची जीभ थोडी तरी अडखळेल. अडखळली नाही तर निदान बाईला स्वतःच्या दुपारीची किंमत आकड्यात दिसेल, आणि तीही कमी महत्त्वाची गोष्ट नाही. घरातल्या बायकांनी आपल्या वेळेची मोजदाद कधी केलेली नसते. इतरांनी तर नाहीच नाही. सरकारी हस्तकला महामंडळाच्या दुकानांनीही या प्रघाताचा आरंभ करावयास अडचण नसावी. त्याला अनुदान लागत नाही, केवळ एक ओळ छापावी लागते.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को येथील शिंप्यांच्या यंत्राखाली रोज चिंध्यांचा ढीग पडतो आणि संध्याकाळी तो कचऱ्यात जातो. सुती चिंध्या एका पिशवीत आणि कृत्रिम धाग्याच्या दुसरीत, एवढे जरी शिंप्यांनी पाळले आणि त्या गटांच्या बायकांनी आठवड्यातून एकदा नेल्या, तर नवे कापड फाडून चिंध्या करण्याचा वेडेपणा कोणाला करावा लागणार नाही. गणवेश शिवणाऱ्या दुकानांत तर एकाच रंगाचे, एकाच जातीचे तुकडे ढिगांनी निघतात; आसनांना आणि पिशव्यांना असे कापड फार सोयीचे. नव्या चिंध्या शिवण्यापूर्वी एकदा गरम पाण्यातून काढाव्यात, एवढी सूचना आमच्या त्या अभ्र्याच्या अनुभवावरून अवश्य करावीशी वाटते.

दिवाळीपूर्वीच्या प्रदर्शनांत निदान एका कक्षावर तरी तासांचा आकडा लिहिलेले बटवे पाहावयास मिळावेत, अशी आमची अपेक्षा आहे. आमच्या त्या सहकाऱ्यानेही एक घेण्याचे कबूल केले आहे, आणि तोही घासाघीस न करता.