पडद्यावरची इडली आणि अज्जीची वही

व्हिडिओ गेम म्हटले की आपल्याकडच्या आयांच्या डोळ्यांपुढे बंदुका, सुसाट मोटारी आणि बुडालेला अभ्यास उभा राहतो. त्यात नवल नाही. जाहिरातींत दिसतात ते बहुतेक तसलेच गेम. पण प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेंडो स्विच या टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर आणखी एक दालन असते. मोजक्या माणसांनी, आपल्याला सांगायचे आहे तेच सांगण्यासाठी केलेले छोटे गेम तिथे मिळतात. दुकानात ते सहसा दिसत नाहीत, इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागतात. आज अशा तीन गेमविषयी लिहिते आहे. तिन्ही निवडण्याचे कारण एकच, ते म्हणजे घरातली भाषा. आई मराठीत रागावते, शेजारच्या अक्का ‘ऊट आयता?’ म्हणून विचारतात आणि मुले उत्तर इंग्रजीत देतात, अशा घरांना हा विषय नवा नाही.

पहिला ‘वेण्बा’. कॅनडातल्या टोरांटोच्या विसाई गेम्स या छोट्या चमूने तो २०२३ मध्ये आणला. वेण्बा हे तमिळ काव्यातल्या एका छंदाचे नाव; इथे ते नायिकेचे आहे. १९८० च्या दशकात ती आणि तिचा नवरा पावलन तमिळनाडू सोडून कॅनडात जातात, तिथे त्यांना कविन हा मुलगा होतो. खेळणाऱ्याने करायचे काय, तर स्वयंपाक! वेण्बाजवळ तिच्या आईची पाककृतींची वही आहे. पण पाने फाटलेली, शाई पुसलेली. गाळलेली पायरी आपण डोके चालवून भरायची.

सुरुवातीलाच इडली आहे. वही अर्धवट सांगते, आणि पात्रातल्या ताटल्या कशा रचायच्या हे आपल्याला ठरवावे लागते. एका ताटलीच्या वाट्या दुसरीच्या वाट्यांवर बरोबर आल्या तर वाफ नीट फिरत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला हे विचारून बघा, ती हसेल. एरवी गेममध्ये मुले हुशार आणि मोठी माणसे अडाणी ठरतात. इथे ते उलटे होते. स्वयंपाक चालू असताना रेडिओवर जुन्या तमिळ सिनेसंगीताच्या धाटणीची नवी गाणी लागतात, त्यांनी तर घरच उभे राहते.

पण खरी गोष्ट इडलीची नाही. कविन शाळेत जाऊ लागतो, घरातही इंग्रजीच बोलू लागतो. आईने हौसेने केलेल्या पदार्थांपेक्षा त्याला बाहेरचे प्रिय होते. कोणी कोणाशी भांडून घर सोडत नाही, फक्त बोलणे थोडे थोडे आटत जाते. पुढे मोठा झालेला कविन आईच्या तमिळ कृतीसमोर उभा राहतो. काही शब्द लागतात, काही लागत नाहीत. त्या वेळी खेळाची सूत्रे आपल्या हाती असतात, म्हणून ते अडखळणेही आपलेच होते. सिनेमात आपण ते नुसते पाहिले असते. शेवट सांगत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. हा गेम एक-दीड तासात संपतो, आणि पदार्थ चुकला तरी फारसे बिघडत नाही. आव्हान शोधणाऱ्या मुलाला तो सोपा वाटेल. तरीही २०२४ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने पदार्पणातल्या गेमसाठीचा पुरस्कार त्याला दिला.

हाच पुरस्कार २०१५ मध्ये ‘नेव्हर अलोन’ या गेमला मिळाला होता. अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या एका संस्थेने ई-लाइन मीडिया या कंपनीला जोडीला घेऊन २०१४ मध्ये तो काढला. न थांबणारे हिमवादळ कुठून येते हे शोधायला निघालेली नूना नावाची मुलगी आणि तिचा पांढरा कोल्हा, अशी ही इन्युपिआट लोकांची कथा आहे. ती सांगणारा आवाज सबंध गेमभर त्यांच्याच भाषेत बोलतो, इंग्रजी फक्त खाली अक्षरांत दिसते. कथा वापरण्यापूर्वी, ती सांगणाऱ्या जुन्या कथेकऱ्याच्या मुलीची परवानगी घेतली गेली. मध्ये मध्ये तिथल्या ज्येष्ठांची छोटी चित्रणेही आहेत. उड्या मारताना कोल्हा कधी कधी हटवादीपणा करतो, पण एकाने नूना व्हायचे आणि दुसऱ्याने कोल्हा, अशी जोडीने खेळायची सोय आहे. अज्जी आणि नातवाने जरूर बसावे.

तिसरा आपल्या जवळचा, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी जिद्दीने २०२० मध्ये त्यांनी गेम आणला. धाकट्या भावाला, गोलूला, असुरांच्या तावडीतून सोडवायला निघालेली राजी, तिच्यावर नजर ठेवणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी धाटणीचे वाडे असा सगळा थाट डोळे निवतील असा आहे. शेवट मात्र घाईत गुंडाळला आहे. आणि पहिल्यांदा आला तेव्हा त्यातली दुर्गासुद्धा इंग्रजीत बोलत होती! बाजार जगभरचा असतो, हे मला कळते. पण अलास्कातल्या नूनाची गोष्ट ऐकून आलेल्या कानाला ते खटकतेच.

सीमाभागात भाषेसाठी आपण पाट्यांवर, दाखल्यांवर, कोर्टात पुष्कळ झगडलो. ते त्या जागी. ‘वेण्बा’ खेळल्यावर मनात राहते ते वेगळेच. पाटीवरून जाण्याच्या कितीतरी आधी भाषा स्वयंपाकघरातून निघून जाते, मग ती मराठी असो की कन्नड. आणि तिथून ती जाताना मोर्चा निघत नाही.

तेव्हा सुट्टीत हा गेम घेतलात तर मुलाला एकट्याला देऊन मोकळे होऊ नका. बटणे त्याने दाबावीत, पडद्यावरचे इंग्रजी संवाद त्यानेच अज्जीला मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगावेत. शब्द अडला की ती पुरवेल. आणि गेम संपल्यावर घरातली पाककृतींची वही काढावी. तिच्यात बहुतेक ठिकाणी ‘अंदाजाने’ एवढेच लिहिलेले असते. तो अंदाज कोणत्याच यंत्रावर उतरवून घेता येत नाही. तो तिलाच विचारावा लागतो, आणि तिच्याच भाषेत.