सौद्यात नसलेला तिसरा माणूस

"एकदम ओके आहे साहेब, टेस्ट केलेला पीस आहे." सेकंडहँड वस्तू घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मीही ऐकलं, मुंबईतल्या एका दुकानात, पेंटॅक्स के-१००० हातात धरून. हा कॅमेरा १९७६ पासून वीसहून अधिक वर्षं बनत होता. सगळं यांत्रिक, सेल फक्त मीटरपुरता. सेल संपला तरी फोटो निघतो. मला तेच हवं होतं.

दुकानदाराने बॅक उघडून दाखवली. लेन्स उजेडाकडे धरली, बुरशीचे जाळीसारखे धागे नव्हते. सेलच्या खोबणीत हिरवट-पांढरा गंज नव्हता. एक सेकंदाचा स्पीड लावून खटका दाबला, शटर नीट उघडलं, नीट मिटलं. मी समाधानाने पैसे मोजले. फिल्म टाकून तपासलाय का, हे त्याला विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

मे महिन्यात कॉलेजच्या मित्राकडे उंबरमाळीला गेलो. कसाऱ्याच्या अलीकडचं हे छोटं स्टेशन. पुढच्या कसारा स्टेशनात घाट चढवण्यासाठी गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात. डोंगर जवळ, झाडी विरळ झालेली, बायका डोक्यावर हंडे घेऊन निघालेल्या. मित्राचे आजी-आजोबा पाड्यावर राहतात. दोघांचा एकत्र असा एकही फोटो घरात नव्हता. मोबाईलवर काढलेले होते म्हणे, पण तो मोबाईल पाण्यात पडला आणि फोटोही गेले. आधार कार्डावरचे चेहरे तेवढे होते. ते पाहून आजी म्हणायची, "ही मी न्हाय."

मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आजी, मी काढतो. कागदावर छापून आणून देतो."

आजीने ठेवणीतलं लुगडं नेसलं. आजोबांनी टोपी शोधून काढली. अंगणात खाट टाकून दोघं ताठ बसले. ऊन रखरखीत होतं, मागचं कुंपण धूसर यावं म्हणून मी छिद्र मोठं ठेवलं आणि स्पीड लावला १/१०००. चार फोटो घेतले. निघताना आजी म्हणाली, "फोटू कधी देशील, पोरा?" मी म्हणालो, पंधरा दिवसांत.

रोल धुऊन आला तेव्हा अंगणातले चारही फोटो अर्धे काळे होते. एका बाजूला आजी स्पष्ट, दुसऱ्या बाजूला काळी पट्टी. आजोबांचा गुडघ्यावर ठेवलेला हात तेवढा काठावर दिसत होता. शिवाय सगळ्या रोलवर नारिंगी ओघळ.

बोरा बाजारातल्या एका जुन्या मिस्त्रीने दोन मिनिटांत निदान केलं. या कॅमेऱ्यात कापडाचे दोन पडदे असतात. पहिला धावतो, त्याच्यामागे दुसरा, आणि दोघांमधल्या फटीतून उजेड फिल्मवर पडतो. स्पीड जितका जास्त तितकी फट अरुंद. वंगण सुकलं की पहिला पडदा रेंगाळतो, दुसरा त्याला वाटेतच गाठतो आणि फट मिटते. पुढची फिल्म अंधारात राहते. एक सेकंदाला हा दोष कळत नाही आणि १/१००० ला कानाला कळत नाही. नारिंगी ओघळ बॅकच्या कडेच्या फोममधून आलेल्या उजेडाचे होते. हा फोम वर्षानुवर्षांत डांबरासारखा चिकट होऊन झडतो. मी तोही बोट लावून पाहिला नव्हता.

मी ऑगस्टमध्ये कॅमेरा दुरुस्त करून घेतला. त्याआधी श्रावणातच आजोबा गेले होते.

दुकानदाराला शिव्या घालून हा लेख संपवणं सोपं आहे. त्याची बाजूही मला माहीत आहे. असे कॅमेरे दुकानात घाऊक येतात, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या बंद पडलेल्या स्टुडिओतून. प्रत्येकात रोल घालायचा तर रोल, धुलाई, स्कॅनिंग मिळून खर्च हजाराच्या पुढे जातो. शटर त्याने बिघडवलं नव्हतं, काळाने बिघडवलं होतं. मग त्याचा दोष काय?

धान्याच्या ढिगाची हदीस आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. पाऊस काही त्याने पाडला नव्हता. तरीही त्याला विचारलं गेलं की ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही. ऐब कुणामुळे आला हा तिथे प्रश्नच नव्हता, तो झाकला गेला हा होता. फिकहमध्ये यावरूनच 'खियार-उल-ऐब' आहे: विक्रीआधीपासून असलेला, खरेदीदाराला माहीत नसलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा हक्क. आपला १९३० चा मालविक्री कायदा दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतो. त्याच्या कलम १६ नुसार मालाच्या दर्जाची गर्भित हमी सर्वसाधारणपणे नसते. अपवाद आहेत, पण खरेदीदाराने माल तपासून घेतला असेल तर त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष त्याच्याच माथी. कायद्यासाठी हे ठीक असेल. पण आपल्या बाजारांत, आणि त्यात आपलीच दुकानंही पुष्कळ आहेत, शुक्रवारी नमाजला शटर ओढून जाणाऱ्या माणसाने कलम १६ च्या आडोशाला उभं राहावं का?

माझं म्हणणं एवढंच की "टेस्ट केलेला" हा एक शब्द मोडून त्याचे तीन करावेत. फिल्म घालून तपासलेला. नुसता कोरडा तपासलेला. अजिबात न तपासलेला. तिन्हींचे भाव वेगळे ठेवा, कुणाची हरकत नाही. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणणं हाही प्रामाणिक सौदाच आहे. मी त्या दिवशी तो कॅमेरा पाचशे रुपये कमी करून घेतला असता, आणि मुख्य म्हणजे घेऊन थेट पाड्यावर गेलो नसतो.

आता माझा हिशेब. दुकानदाराने मला ऐब सांगितला नाही. पण खाटेवर ताठ बसलेल्या त्या दोघांना मी तरी कुठे सांगितलं की हा कॅमेरा मी पहिल्यांदाच वापरतोय, फोटो येतीलच असं नाही? खिशातला मोबाईल काढून एक फोटो जास्तीचा घ्यावा, हेही मला सुचलं नाही. मोबाईल काढला असता तर माझी ऐट गेली असती. मी त्यांना तोच शब्द विकला जो मला विकला गेला होता: एकदम ओके. जुन्या मालातला दडवलेला दोष खरेदीदाराजवळ थांबत नाही, तो सौद्यात नसलेल्या तिसऱ्या माणसापर्यंत जातो. सेकंडहँड रिक्षात प्रवासी बसतो, सेकंडहँड गिझरखाली घरातलं लेकरू अंघोळ करतं. त्यांना कुणी भाव विचारलेला नसतो.

म्हणून घेणाऱ्यांसाठी थोडं. बॅक उघडा, फिल्म न घालता लेन्स उजळ भिंतीकडे धरा आणि मागून बघत १/१००० ला खटका दाबा. मोबाईलच्या स्लो-मोशनमध्ये ते टिपा. चौकटीची एक कड काळीच राहत असेल तर पडदे रेंगाळताहेत. जुने मिस्त्री हेच काम पूर्वी ट्यूबवाल्या टीव्हीसमोर करायचे. फोमला बोट लावा, चिकटलं तर बदलायचा खर्च धरा. मग एक रोल कुणाच्याही चेहऱ्यावर खर्च न करता संपवा. मी दुरुस्तीनंतरचा रोल उंबरमाळीच्या प्लॅटफॉर्मवर संपवला: विजेच्या तारा, सिग्नल, दगडी भिंत, प्रत्येक स्पीडला एकेक फोटो, वहीत नोंद करून. रोल भरताना एक पाहा. खटका ओढला की रिवाइंडचा दांडा फिरला पाहिजे. तो फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकतच नाही.

तो रोल चांगला आला, तेव्हा भातकापणीच्या दिवसांत पुन्हा पाड्यावर गेलो. आजी फोटोला बसायला तयार नव्हती. "एकदा बसले ना," म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं: कॅमेरा तपासला नव्हता, चूक माझी होती. मग बरोबर आणलेला अर्धा काळा फोटो तिच्यापुढे ठेवला. तिने तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला, आजोबांच्या हातावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा देशील का मला?"

तो तिच्याकडेच आहे. ती एकटी बसलेला चांगला फोटोही मी नंतर छापून दिला, तो मित्राच्या घरात लावलाय.

पुढच्या वेळी कुणी "टेस्ट केलेला आहे" म्हणालं तर एवढंच विचारा: फिल्म घालून? कोणत्या स्पीडला? रोल दाखवता का? आणि उद्या तुम्ही स्वतः विकायला बसलात, तर कुणी विचारायची वाट बघू नका.