दाराआडची भीती

२००२ साली कर्नाटकाच्या बाजूने रानटी हत्ती दोडामार्ग परिसरात उतरले. तेव्हापासून तिलारी खोऱ्यातील वाड्यांना भीती म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. रात्री चाहूल लागली की एक घर दुसऱ्याला हाक घालते, फटाके वाजतात, माणसे मिळून जागतात. त्या घाबरलेल्या कुटुंबाला 'तुमची श्रद्धा कमी पडली' असे कोणी सुनावत नाही. परंतु हत्ती नसतानाही जिच्या छातीत तो अंगणात आल्यासारखी धडधड सुरू होते, त्या आपल्याच भगिनीच्या घराचे दार आपण बाहेरून ओढून घेतो. माझे भांडण या दुटप्पीपणाशी आहे.

चिंताविकार हा स्वभावदोष नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. संकटात पळण्यासाठी वा झुंजण्यासाठी शरीराला सज्ज करणारी यंत्रणा देवाने प्रत्येकाला दिली आहे. या आजारात ती कारणावाचून किंवा प्रमाणाबाहेर जागी होते. श्वास कोंडतो, हातपाय थरथरतात, आता मरणार असे वाटते. कार्डिओग्राम निर्दोष निघतो आणि घरचे सांगतात, 'तुला काहीही झालेले नाही.' रुग्णाचे एकटेपण या वाक्यापासून सुरू होते. ज्या ठिकाणी झटका आला ते ठिकाण तो टाळू लागतो. टाळल्याने घटकाभर बरे वाटते आणि नेमके तेच घातक ठरते, कारण त्या सुटकेतून मन शिकते की ती जागा खरोखरच धोक्याची होती. आधी आठवड्याचा बाजार सुटतो, मग एस.टी., मग रविवारचा मिस्सा, आणि शेवटी अंगणाचा उंबरठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ साली जगात सुमारे ३० कोटी माणसे या विकारांनी ग्रासलेली होती. त्यांपैकी एकही आपल्या धर्मग्रामात नसेल असे मानणे हा भाबडेपणा आहे.

अशा घरासाठी आपल्याजवळ तीन ठरीव वाक्ये असतात. पहिले, 'प्रार्थना वाढव.' प्रार्थना अवश्य करावी, परंतु ती सोबतीच्या बदली देऊन मोकळे होण्याची वस्तू नव्हे. गेथशेमनीच्या बागेत प्रभूचा जीव व्याकूळ झाला, तेव्हा त्याने प्रार्थनाही केली आणि तीन शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहण्यास सांगितले. ते झोपी गेले. भयाने व्याकूळ होणे हे पाप असते, तर तो प्रसंग शुभवर्तमानात आलाच नसता. त्या रात्री उणीव राहिली ती झोपी गेलेल्यांची. दुसरे वाक्य, 'तिला एकटीलाच बरे वाटते.' हे दयेच्या वेषातील आळसाचे वाक्य आहे. एकांत हे तिचे औषध नसून आजाराचे खाद्य आहे. तिसरे अर्थात, 'लोक काय म्हणतील?' हे लोक म्हणजे आपणच.

२०१८ साली गोवा शासनाने बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू केले, तेव्हा दोडामार्गची जनता आंदोलनाला बसली. ते योग्यच होते. पण त्याच बांबोळीत मनोविकारांवर उपचार करणारी सरकारी संस्थाही आहे, आणि तिच्या दारात आपला माणूस ओळखीचे कोणी दिसू नये म्हणून मान खाली घालून उभा राहतो. मोडलेल्या हाडासाठी उघड भांडणाऱ्या समाजाने पिचलेल्या मनासाठी कुजबुजावे, हे कोणत्या न्यायाने?

सोबतीने काय होते याचा पुरावाही सीमेपलीकडेच आहे. गोव्यातील 'संगाथ' संस्थेच्या 'मानस' या अभ्यासात वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक दवाखान्यांत नैराश्य व चिंताविकाराच्या रुग्णांना आधार दिला. डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के बरे झाले होते. ज्या केंद्रांत अशी सोय नव्हती, तेथे हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु शिकवून तयार केलेली साधी माणसे किती काम करू शकतात हे त्यातून सिद्ध झाले.

कोणी म्हणेल, 'हा त्या कुटुंबाचा खासगी प्रश्न आहे; आपण का नाक खुपसावे?' २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि तो पाळलाच पाहिजे. मात्र चौकशा करणे वेगळे आणि सोबत करणे वेगळे. चौकशीला आजाराचे नाव हवे असते. सोबतीला फक्त येण्याची वेळ ठरवावी लागते.

म्हणून मागणी साधी आहे. डॉक्टरने औषध दिले असेल, तर ते बंद करण्याचा सल्ला शेजाऱ्याने देऊ नये. दवाखान्यात जायला मन धजत नसेल, तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. तो चर्चच्या सूचनाफलकावर लावावा. ज्या ठिकाणाची भीती आहे तेथे रुग्णाने हळूहळू, पायरीपायरीने परतणे हा उपचाराचाच भाग असतो. उपचारकांनी ठरवलेल्या त्या पायऱ्यांवर बरोबर चालायला कोणीतरी हवे. आज फाटकापर्यंत, पुढल्या आठवड्यात थांब्यापर्यंत, नंतर एका थांब्याचा एस.टी. प्रवास. पण तिची सारी कामे आपणच उरकून तिला घरी बसवणे ही सोबत नव्हे. जिथे तिचे पाऊल स्थिरावेल, तिथे आपला हात सैल झाला पाहिजे.

आणि चर्चमध्ये दाराजवळच्या शेवटच्या बाकावर एक जागा मोकळी ठेवावी. ती मिस्सा सुरू झाल्यावर आली तरी चालेल, मध्येच उठून गेली तरी चालेल. तेवढे करताना मागे वळून पाहू नये, आणि पुढल्या रविवारी ती जागा पुन्हा मोकळी ठेवावी.